पडेगाव ते वेरूळ, व्हाया उपग्रह

पडेगावात रस्ता चुकायचा तर अंगी कसब हवं. पाठीशी छावणी, पुढं मिटमिटा आणि मधून एकच मोठा रस्ता. त्यावरून सरळ जा, नाहीतर उलटे या. तिसरी शक्यता नाही. दिशा कळायला इथं यंत्र लागत नाही. सकाळचं ऊन पाठीवर पडलं तर तुम्ही वेरुळाकडं निघालात, तोंडावर आलं तर शहराकडं. दुपारी बारा वाजता ऊन नेमकं डोक्यावर असतं, पण तेव्हा दिशेची गरजच पडत नाही; मराठवाड्यातला शहाणा माणूस त्या वेळी घरात असतो.

तरीही पडेगावला येणारी माणसं चुकतात, कारण ती मोबाइलला विचारून येतात. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात एक पाडेगाव आहे. तिथं १९३२ पासून उसाचं संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ हा ऊस महाराष्ट्रभर पसरला तो तिथूनच. परभणी जिल्ह्यात गंगाखेडकडं आणखी एक पडेगाव आहे. इंग्रजी अक्षरांत ही तिन्ही गावं एकाच नावानं नांदतात. घाईत पहिल्याच नावावर बोट पडलं, की वास्तुशांतीला निघालेला पाहुणा मुकाट फलटणच्या वाटेला लागतो. अ‍ॅपला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘वास्तुशांतीला उसात कशाला चाललात?’ असं ते विचारत नाही. पत्ता विचारल्यावर ‘कुणाकडं जायचंय?’ असा उलटा सवाल करणारी यंत्रणा अजून कुठल्याही देशानं आकाशात सोडलेली नाही. पडेगावच्या पानटपरीवर ती फार पूर्वीपासून आहे.

दिल्ली दरवाजाचाही तोच घोळ. एक शहरात, दुसरा दौलताबादच्या घाटात. ‘दिल्ली दरवाजापाशी भेटू’ असं ठरवलेले दोन मित्र एकमेकांपासून चांगले दहा-पंधरा किलोमीटर लांब उभे राहू शकतात, आणि दोघांचेही मोबाइल छातीठोकपणे सांगतात, ‘तुम्ही पोचला आहात.’

हे झालं डांबरी रस्त्याचं. डोंगरात खरी गंमत.

आषाढाचे दोन बरे पाऊस झाले की मिटमिट्यामागचे डोंगर हिरवे होतात, आणि आमच्या कॉलनीत एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढणाऱ्या माणसांना आपण मूळचे डोंगरातले असल्याचं आठवतं. बूट येतात, काठ्या येतात, राजगिऱ्याचे लाडू येतात आणि निघायच्या आदल्या रात्री वाद येतो: वाट दाखवणार कोण? मोबाइल, की नकाशा आणि होकायंत्र?

नकाशापक्षाचे पुढारी आमचे मोजणीवाले काका. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून शिव्या खाण्यात गेलं. त्यामुळं माणसांवरचा विश्वास उडाला, कागदावरचा वाढला. ‘कागद खोटं बोलत नाही,’ ते म्हणतात, ‘आणि बोललाच, तर अपील करता येतं. उपग्रहाच्या विरोधात कुठं दाद मागशील?’ उपग्रहपक्षाचा पुढारी त्यांचाच पुतण्या. पुण्याच्या कंपनीत आयटीत, काम घरून, म्हणजे पडेगावातून. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला नाडी कळते, पावलं कळतात, डोंगराची उंची आणि झोपेची खोली कळते. किती वाजले हे विचारलं, की तो त्यावरून तीनदा बोट फिरवतो आणि मग मोबाइल बघून सांगतो.

बेत असा: पडेगाव ते वेरूळ, डोंगराडोंगरानं, डांबराला पाय न लावता. रस्त्यानं हे अंतर वीस-बावीस किलोमीटर. डोंगरानं किती, यावर दोन्ही पक्षांचं एकमत व्हायचं होतं आणि ते अजून व्हायचंच आहे.

काकांनी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीटं बाहेर काढली, आणि पडेगावचं भौगोलिक दुर्दैव उघड झालं. १:५०,००० प्रमाणाच्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एका शीटवर पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश एवढाच मुलूख मावतो. आता ७५ अंश १५ मिनिटांची रेखांशरेषा नेमकी पडेगाव आणि देवगिरी यांच्यामधून जाते. २० अंशांची अक्षांशरेषा देवगिरी आणि वेरूळ यांच्यामधून. म्हणजे पडेगाव ४७ एम/५ या शीटवर, देवगिरी ४७ एम/१ वर आणि वेरूळ थेट ४६ पी/४ वर. गोऱ्या साहेबानं या रेषा आखल्या तेव्हा पडेगावचा माणूस एखाद्या रविवारी उगाचच चालत वेरूळला जाईल, ही शक्यता त्याच्या स्वप्नातही आली नसणार.

काकांनी तिन्ही शीटं खळीनं चिकटवली. जोडल्यावर आकार निघाला इंग्रजी ‘एल’चा. एलची घडी पडत नाही, हे भूमितीचं सत्य आमच्या कॉलनीला त्या रात्री समजलं. शेवटी काकांनी रिकाम्या कोपऱ्यात जुनं वर्तमानपत्र चिकटवून चौकोन पुरा केला. सकाळी पुतण्यानं नकाशावर नजर टाकली आणि गंभीरपणे म्हणाला, ‘काका, म्हैसमाळच्या पूर्वेला सोन्याचे भाव दिसताहेत.’

पण काकांच्या कागदामागं मोठी परंपरा आहे, आणि तिचा धागा महाराष्ट्रातून जातो. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्यानं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून पायारेषा मोजायला सुरुवात केली. तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत तो हिंदुस्थान मोजत उत्तरेला निघाला. त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तंजावरला तो देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र गोपुरावर आदळलं. आमच्या पुतण्याचा मोबाइल खिशातून पडला तर घरात सुतक असतं. त्या माणसानं वाकलेलं अर्धा टन ठोकून सरळ केलं आणि पुढं कूच केलं. वीस वर्षं असं मोजत मोजत तो आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. काका एकदा खास ती बघायला गेले होते. गावात पत्ता विचारत विचारत पोचले, हे ते सांगत नाहीत.

पुतण्याच्या बाजूचे पूर्वजही कमी तोलाचे नाहीत. उपग्रह वाट दाखवतो, असा लोकांचा समज आहे. तो बापडा २०,२०० किलोमीटरवरून फक्त ओरडत असतो: आत्ता इतके वाजले आणि मी इथं आहे. ती हाक खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. असे चार ओरडणारे ऐकू आले, की कुणाची हाक किती उशिरा पोचली यावरून मोबाइल आपली जागा काढतो. मग मध्ये आइन्स्टाइन पडतो. वर गुरुत्वाकर्षण कमी आणि वेग जास्त. दोन्हींची वजाबाकी करून ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरची चूक साचते. म्हणजे आज पडेगावात असलेला माणूस उद्या बसल्या जागी दौलताबादच्या किल्ल्याशी.

‘आपल्याला जायचं तिकडंच आहे ना?’ काका म्हणाले. ‘मग दुरुस्ती कशाला करता?’

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम शंभरेक मीटरची चूक मिसळत असे, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा मात्र काका गप्प झाले. फूटभर बांध सरकला म्हणून कुऱ्हाडी निघालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या; शंभर मीटर सरकवून वर तोंड करून हिंडणारं सरकार त्यांनी पाहिलं नव्हतं. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह यंत्रणेची हकीकत त्यांना जास्त जवळची वाटली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला आणि काही वर्षांत त्यातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर काम थांबत नाही, उलट बरं चालतं. इथं घड्याळ बंद म्हणजे अख्खा उपग्रह बाद.

होकायंत्राच्या बाबतीत आपण मूळचे नशीबवान. काही देशांत नकाशातली उत्तर आणि सुईची उत्तर यांत दहा-वीस अंशांचं भांडण असतं, ते आधी मिटवून मग पाऊल उचलावं लागतं. आपल्या भागात तो फरक नसल्यातच जमा. अडचण आहे ती पायाखालच्या दगडाची. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तेव्हा त्यातल्या लोहाच्या कणांनी त्या काळची चुंबकीय दिशा पकडून ठेवली. त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव बराच वेळ उलटे होते, आणि भारत स्वतः विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होता. तेव्हा आपण ज्या काळ्या कातळावर बसून भाकरी खातो, त्यातला मोठा भाग आजही पोटातल्या पोटात उत्तर म्हणून दक्षिण दाखवतो. साडेसहा कोटी वर्षं एवढ्या ठामपणे चुकीच्या दिशेला बोट दाखवत राहायचं, ही दख्खनी बाण्याची जुनी शाखा म्हणायची. काही ठिकाणी कातळाला टेकवलेली सुई बिचकते ती यामुळं. काकांची मात्र पुतण्याच्या मोबाइलमुळं बिचकली. त्याच्या कव्हराला लोहचुंबकाचं बटण होतं, आणि तो वाकून वाकून नकाशात बघत होता.

चौघंपाच जण पहाटे निघालो. पहिल्या टेकाडावर काकांनी आपलं शास्त्र दाखवलं. दिसणाऱ्या तीन खुणा घ्यायच्या, होकायंत्रानं तिन्हींचे अंश घ्यायचे आणि नकाशावर तीन रेषा मागं ओढायच्या. त्या जिथं भेटतात तिथं आपण. देवगिरीचा डोंगर आणि भांगसीमाता गड, या दोन खुणा निर्विवाद होत्या. तिसरी म्हणून काकांनी एक पाण्याची टाकी धरली. ती कुठल्या वस्तीची यावर तिथंच दोन गट पडले. तीन रेषा एका बिंदूत क्वचितच मिळतात, बहुधा त्रिकोण पडतो, आणि आपण त्या त्रिकोणात कुठंतरी आहोत असं मानायचं असतं. काकांच्या त्रिकोणात अख्खं मिटमिटा मावत होतं. त्यामुळं ते चुकले असं कुणालाही म्हणता आलं नाही.

आणि इथंच मला कागदी नकाशाचा मोठेपणा वाटतो. तो अंथरला की चार डोकी त्यावर वाकतात आणि चारही बोटं चार ठिकाणी पडतात. ‘हा ओढा तोच.’ ‘कसला तोच? त्याला पाणी होतं.’ ‘अरे, तो उन्हाळ्यातला सर्व्हे असेल.’ मतभेद होतात, इतिहास निघतो, कुणाच्या सासुरवाडीचा उल्लेख होतो, दशमी सोडली जाते. अर्ध्या तासानं बहुमतानं चुकीची वाट निवडली जाते आणि सगळे एकदिलानं त्या वाटेला लागतात. मोबाइलवर हे होत नाही. पडदा वीतभराचा, तो एकाच्या हातात, त्यावर निळा ठिपका. ठिपका म्हणजे तुम्ही. चर्चा संपली. बाकीच्यांनी मुकाट मागं चालायचं. मराठी माणसाकडून एक वेळ पाणी काढून घ्या, पण आपण नेमके कुठं आहोत यावर वाद घालण्याचा हक्क काढून घेतलात तर तो डोंगरात करणार काय?

तरी त्या दिवशी बहुमत पुतण्याकडं गेलं, कारण त्याच्याकडं कुण्या आधीच्या वाटसरूनं चालून नोंदवलेली आख्खी वाट उतरवून घेतलेली होती. लाल रेघ. रेघेवरून चालायचं, रेघ सुटली की घड्याळ मनगटावर थरथरायचं. तासभर सगळं झकास चाललं. मग रेघ ढोरवाट सोडून एकाएकी डावीकडं वळली आणि घाणेरीच्या दाट झुडपांत शिरली. आम्हीही शिरलो. काटे लागले, बाह्या फाटल्या, एकाची टोपी गेली. पंधरा-वीस पावलांवर रेघेनं एक लहानसा वळसा घेतला, थोडी थांबली आणि आली तशी परत ढोरवाटेवर गेली. आम्ही त्या जागी कोंडाळं करून उभे राहिलो. काकांनी आजूबाजूला पाहिलं, झुडपांचा आडोसा किती चांगला आहे ते पाहिलं आणि म्हणाले, ‘हा माणूस इथं दौलताबादला जायला आला नव्हता.’

यंत्राच्या अचूकपणाची ही दुसरी बाजू. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, हे मान्य. पडेगावच्या माळावर ५ मीटर म्हणजे काहीच नाही. कड्याच्या काठावर ५ मीटर इकडं म्हणजे फोटो आणि ५ मीटर तिकडं म्हणजे बातमी. शिवाय ठिपक्याला आडवं-उभं समजतं, वर-खाली फारसं समजत नाही. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक गाडी पुलावरून जायची ती अ‍ॅपच्या भरवशावर पुलाखालच्या रस्त्यानं गेली आणि जेट्टीवरून थेट खाडीत उतरली. आत बसलेल्या बाईंना सागरी सुरक्षा पोलिसांनी सुखरूप बाहेर काढलं, म्हणून ही गोष्ट इथं सांगायची सोय आहे. त्या जेट्टीचं नाव ध्रुवतारा.

घाणेरीतून बाहेर पडलो तर शरणापूर-माळीवाड्याच्या बाजूला नवाच पेच. काकांच्या शीटवरची तुटक रेघांची पायवाट सरळ पुढं गेलेली, आणि प्रत्यक्षात समोर कुंपण. कुंपणापलीकडून गाड्या सूं सूं करत नागपूरकडं निघालेल्या. समृद्धी महामार्ग! मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. काकांनी नकाशा पाहिला, महामार्ग पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला. मग खात्यातल्या जुन्या सवयीनं निकाल दिला, ‘शीटवर नाही. म्हणजे हे अतिक्रमण आहे.’ पुतण्याच्या अ‍ॅपमध्ये महामार्ग होता. नागपूरला किती वेळात पोचू, वाटेत टोल किती लागेल, सगळं त्यानं न विचारता सांगितलं. पलीकडं पायी कसं जायचं, ते सोडून. तेवढ्यात शेळ्यांचा एक कळप आमच्या डोळ्यांदेखत कुंपणाकडेनं खाली उतरला, एका भुयारी मोरीत शिरला आणि मिनिटभरात पलीकडं चरायला लागला. एकाही शेळीच्या गळ्यात काही नव्हतं, घंटा सोडून.

शेळ्यांमागं त्यांचे धनी आले. आता तिसऱ्या यंत्राचा प्रयोग करायचं ठरलं.

‘मामा, ही वाट दौलताबादला जाते का?’ पुतण्यानं विचारलं.

‘हाव, जाती ना.’

‘आणि वेरूळला?’

‘तिकडंबी जाती.’

काकांना संशय आला. ‘आणि पडेगावला?’

‘तिकडूनच आले ना तुम्ही? मंग जातीच की.’

इथं काकांचा अनुभव कामाला आला. गावात वाट विचारताना उत्तर प्रश्नात ठेवायचं नसतं, हे त्यांना पुरतं ठाऊक. ‘ही वाट अमुक ठिकाणी जाते का?’ म्हटलं की समोरचा हो म्हणणार. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? ‘ही वाट जाते कुठं?’ असं विचारावं आणि मग गप्प बसावं. काकांनी तसं विचारलं. मामांनी तंबाखू मळता मळता आधी आमचे बूट बघितले, मग काठ्या, मग तो सोन्याच्या भावासकटचा नकाशा.

‘तुम्ही सर्व्हेवाले का? आणखी एक रोड काढू राहिले का इकडून?’

‘नाही नाही, आम्ही फिरायला आलो.’

‘फिरायला?’ मामांना हे पटायला वेळ लागला. ‘मंग डोंगरानं कशाला मरता? खाली रोड हाये. बसा येऊ राहिल्या, जीपा येऊ राहिल्या. बसा अन् जा.’

एवढा खरा सल्ला त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही यंत्रानं दिला नव्हता, म्हणून तो कुणी मानला नाही. वेरूळ किती लांब, या प्रश्नावर मामा म्हणाले, ‘हे काय, ह्ये दोन डोंगर उतरले की आलंच.’ हे ‘आलंच’ नावाचं माप मराठवाड्यात सर्वत्र चालतं. त्यात किती किलोमीटर बसतात हे सांगणाऱ्याच्या दयाळूपणावर अवलंबून असतं. त्रिकोण चुकला तर काकांचा दोष, रेघ चुकली तर उपग्रहाचा. मामांचं ‘आलंच’ चुकलं, तर दोष तुमच्या पायांचा.

खरं तर या मुलखाला वाट दाखवण्याचा अनुभव दांडगा. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीतले अमीर-उमराव, उलेमा यांना बाडबिस्तऱ्यासह दौलताबादला हलवायचं काढलं. इब्न बतूतानं त्या रस्त्याचं वर्णन करून ठेवलंय: चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडं, मैलामैलाला डाकेच्या चौक्या. वाट चुकायची सोयच नव्हती, आणि अनेकांना तेवढीच एक सोय हवी होती. कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याकडं जाताना निजामशाहीतला एक दगडी खांब आहे. त्याच्या बाजूंवर कुठलं गाव कुठल्या दिशेला ते फारसीत कोरलंय. इतक्या वर्षांत त्याला एकदाही चार्जिंग लागलेलं नाही. आणि इथली माणसं वाट दाखवण्यात जेवढी तरबेज, तेवढीच ती चुकवण्यात. देवगिरीची अंधारी हे त्याचं अस्सल काम. कातळाच्या पोटातला तो वळणावळणाचा काळोखी जिना केवळ शत्रूला आपण कुठं आहोत हे कळू नये म्हणून रचलेला. आजही आत शिरलं की उपग्रहाची हाक दारातच थांबते. घड्याळ बराच वेळ शोधतं, मग कबूल करतं. पुढं वाटाड्याची मशाल आणि वटवाघळांचा वास, एवढाच आधार.

आणि श्रावणातल्या शुक्रवारी रात्री पडेगावच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली असतात. पोरं, बाया, म्हातारे, काही अनवाणी. कुणाच्या हातात नकाशा नसतो. पुढच्याच्या पाठीकडं बघत चालायचं, वाटेत फराळाची खिचडी आणि चहा घ्यायचा, उजाडेपर्यंत पोचायचं. ज्याच्या दर्शनाला ही गर्दी जाते त्याची तिथली मूर्ती झोपलेली आहे, आणि दिशाज्ञानाच्या बाबतीत त्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यालाही लोकेशन मिळालं होतं. डोंगर अचूक सापडला होता. पिन नेमकी कुठल्या झुडपावर, तेवढंच कळेना. तो वाद घालत बसला नाही, त्यानं डोंगरच उचलून आणला.

मोबाइलच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर पुतण्या हा लेख वाचून बोलणं टाकेल. घळीत कुणाचा पाय मोडला, कुणी कड्यावर अडकलं, की बचाव पथकाचा पहिला प्रश्न ‘नेमके कुठं आहात?’ हाच असतो. त्या वेळी तीन खुणांचा त्रिकोण सांगत बसलात तर पथकाला मिटमिटा अख्खं शोधावं लागेल. दहा आकडे पाठवले की माणसं नेमकी येतात. सह्याद्रीत असे कितीतरी जण घरी परतलेत. फक्त ते आकडे पाठवायला बॅटरी शिल्लक हवी, आणि ती बहुधा वाटेत फोटो काढण्यात आणि लाल रेघ बघण्यात संपलेली असते. म्हणून मी काकांना नकाशा घ्यायला सांगतो आणि पुतण्याला मोबाइल बंद करून पिशवीत ठेवायला सांगतो. दोघंही ऐकत नाहीत.

पुतण्यानं निघतानाच आणखी एक उद्योग करून ठेवला होता. घरच्यांना काळजी नको म्हणून त्यानं आपलं लाइव्ह लोकेशन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं होतं. काकांना याचा पत्ता नव्हता. चाळीस वर्षं फिरतीची नोकरी केलेला माणूस. ‘निघालोच’, ‘पोचतोच’, ‘मोजणी लांबली’ या तीन वाक्यांवर संसार निभावलेला. ऊन चढलं, मोरी ओलांडून आम्ही पलीकडच्या बाभळीखाली टेकलो, लाडू संपले आणि काकांचा फोन वाजला. काकू होत्या.

‘कुठवर आलात?’

काकांनी एक नजर नकाशावर टाकली, एक आमच्यावर. आवाज खणखणीत केला.

‘आम्ही ना? दौलताबाद आलंच. हे काय, किल्ला समोर दिसतोय.’

‘तो आपल्या गच्चीवरूनही दिसतो,’ काकू म्हणाल्या. ‘ठिपका तासाभरापासून मिटमिट्याच्या पुढं हललेला नाही. पिठलं टाकलंय. किती जणांच्या भाकऱ्या थापू, तेवढं सांगा.’

काकांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडं वळून विचारलं, ‘किती जण आहोत रे आपण?’ यावर मात्र दोन्ही पक्षांचं लगेच एकमत झालं.